नव्या पतंगाचं नाव

आयुष्यभर जंगलं पालथी घातलेल्या कीटकशास्त्रज्ञाला अखेर पतंगाची एक नवीकोरी जात सापडली. तिला त्यानं बायकोचं नाव दिलं आणि छापून आलेला लेख घेऊन तो थेट स्वयंपाकघरात शिरला. ती गळक्या नळाला फडकं गुंडाळत होती.

"अगंबाई! माझं नाव, आणि छापून?" हात पुसून तिनं घाईघाईनं चष्मा लावला. त्याच्या प्रत्येक दौऱ्याची बॅग तिनंच भरली होती; त्या बॅगेतून तिच्यासाठी काही यायची ही पहिलीच वेळ. लेखातल्या नकाशावरून बोट फिरवत ती कौतुकानं म्हणाली, "अहो, केवढा हा मुलूख! एवढं सगळं फिरते ही?"

"छे गं! फिरतो तो नर. डोंगर ओलांडून पार समुद्रापर्यंत जातो. मादीला पंखच नसतात. ज्या फांदीवर कोशातून बाहेर येते, तिथंच जन्मभर बसते, तिथंच अंडी घालते, तिथंच संपते." तो अगदी रंगात आला होता.

तिनं चष्मा काढून हळूच मिटला.

"मग बरोबर आहे. नाव माझंच हवं."