पाकळ्यांपुरतं

पुन्हा एक फूल टेबलावरून खाली पडलं. कागदावर पाकळ्या रंगवून झाल्या की पाकळीवाला तो उजवीकडे सरकवायचा, आणि टेबल उजवीकडे संपत होतं. सूनबाई येता-जाता फुलं वेचायची. "बाबा, यंदा बहर भलताच आलाय," असं ती म्हणायची, तेही न चिडता. म्हणून ते जास्त लागायचं.

रंगांची पेटी डॉक्टरांच्या सांगण्यावरून आली होती. रक्तदाब वाढलेला, तेव्हा त्यांनी गोळ्यांच्या खाली विरंगुळा लिहून दिला. मुलाने दोन्ही एकाच फेरीत आणलं. बाबांनी उभं आयुष्य फुलंच तर रंगवली, आता स्वतःच्या आनंदासाठी रंगवतील, असा त्याचा साधा विचार. त्यात खोट एवढीच होती, की बाबांनी आयुष्यात एकही अख्खं फूल रंगवलं नव्हतं.

कपबश्यांच्या कारखान्यात पाकळीवाल्याकडे फक्त पाकळ्या होत्या. कोरा कप डावीकडून यायचा. पाच फटकारे मारून तो उजवीकडे सरकवायचा. तिथे देठवाल्या बाई देठ आणि पानं काढायच्या. बोलताना दिसलं की मुकादम येऊन उभा राहायचा, त्यामुळे दोघांची अख्खी नोकरी एका बाकावर झाली, तरी बोलणं "घ्या" आणि "द्या"च्या पुढे सरकलं नाही. मग कारखान्याने फुलं छापायचं यंत्र आणलं. यंत्राला पाकळ्याही येत होत्या, देठही येत होते, आणि ते चहाची सुट्टी मागत नव्हतं.

एका संध्याकाळी मुलाने खाली पडलेलं एक फूल उचलून न्याहाळलं. फ्रेम करून बैठकीत लावू म्हणाला. फक्त बाबा, याला देठ काढा, नाहीतर लोक विचारतील हे काय सांडलंय.

पाकळीवाल्याने कुंचला हिरव्यात बुडवला. हात कागदापाशी जाऊन थांबला. दुसऱ्याच्या ताटात हात घालावा तसं वाटलं. पुढचे काही दिवस तो हिरव्या रंगासमोर नुसता बसून राहिला. विरंगुळ्याने रक्तदाब आणखी चढला.

शेवटी त्याने फुलांची चवड पिशवीत घातली, वर रंगांची पेटी ठेवली आणि बाहेर पडला. बाईंचं घर ठाऊक होतं. कारखान्याची गाडी आधी त्यांना सोडायची, मग त्याला.

बाईंनीच दार उघडलं. दुसरं उघडणार कोण, घरात त्या एकट्याच होत्या. त्यांनी ओळखलं नाही. समोरून त्या दोघांनी एकमेकांना असं कधी पाहिलंच नव्हतं. पिशवी सावरायला तो जरासा वळला, उजवा गाल दिसला, तेव्हा कुठे ओळख पटली.

तो सवयीने टेबलाच्या डाव्या बाजूला बसला, बाई उजव्या. चहा झाला. कोण कोण गेलं याची उजळणी झाली, आणि ती बरीच लांबली. मग त्याने चवड त्यांच्यापुढे सरकवली आणि आपलं काम सांगितलं: सगळ्यांना नको, निदान एकाला तरी देठ काढून द्या. एक तरी फूल पुरं झालेलं बघायचंय.

बाईंनी एकेक कागद हातात घेऊन पाहिला. कुंचल्याला मात्र हात लावला नाही.

"मला नाही काढायचे देठ," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून कंटाळा होता मला त्यांचा. मुकादमाला म्हटलं होतं, मला पाकळ्यांवर बसवा. तो म्हणाला, तिथे माणूस आहे."

पाकळीवाल्याने त्या माणसाच्या वतीने मान खाली घातली. मग तो कागद गोळा करू लागला. जगात या कामाचं दुसरं माणूस त्याला माहीत नव्हतं. फुलं आता तशीच अधांतरी राहणार होती, आणि त्यांच्याबरोबर तोही. कागदांच्या कडा जुळवायला त्याला उगाच वेळ लागत होता.

बाई उठून त्याच्या खुर्चीपाशी येऊन उभ्या राहिल्या. "उठा. तिकडे बसा, माझ्या जागेवर. पाकळ्या मी काढते."

तो उठला. उजवीकडच्या खुर्चीवर बसून त्याने हिरवा रंग कालवला आणि कुंचला भिजवून हातात धरला. आता माघार घेणं बरं दिसलं नसतं. बाईंनी कोरा कागद ओढला. पहिली पाकळी भोपळ्यासारखी झाली. त्या तिच्याकडे कौतुकाने बघत बसल्या. दुसरीच्या आधी त्यांनी चष्मा पुसला. तिसरीच्या आधी खिडकीबाहेर पाहिलं. घाई कसली ती नव्हती. पाकळीवाल्याच्या कुंचल्यावरचा हिरवा सुकत चालला. तो त्याने पुन्हा भिजवला. खाकरला. खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली. शेवटी राहवलं नाही, आणि किती वेळ लागेल असं विचारलं.

"उजवीकडे बसलं की वाट पाहावी लागते," मान वर न करता बाई म्हणाल्या. "मी नोकरीभर दुसरं काय केलं?"