चाचपणी

“तुम्ही बाजूला थांबा,” झडती घेणारी म्हणाली, आणि मागच्या रांगेतल्या बायका माना उंचावून बघू लागल्या.

नोटांचा कागद बनवणाऱ्या गिरणीत हे शब्द कुणालाच ऐकायचे नसतात. सुटीच्या वेळी अंग चाचपल्याशिवाय फाटकाबाहेर सोडत नाहीत. कोऱ्या कागदाचं कात्रण जरी सापडलं तरी नोकरी जाते, वर पोलीस येतात ते वेगळंच. आणि बाजूला उभी होती ती तपासणी खात्यातली मावशी. कागद उजेडासमोर धरायचा, वॉटरमार्क नीट उमटलाय का ते बघायचं, हेच करता करता तिचे केस पांढरे झाले होते. आजवर तिच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं.

त्यात झडती घेणारी तिची सून.

सुनेला ही नोकरी लागली तेव्हा मावशी म्हणाली होती, “लोकांची अंगं चाचपायचं काम आपल्या घरात नको.” शब्दाने शब्द वाढला. मुलगा आणि सून वेगळी खोली घेऊन राहायला गेले. मावशी घरात एकटी उरली. आता दोघींची गाठ पडायची ती फाटकाजवळच्या या झडतीच्या खोलीत. सून म्हणायची, “हात वर करा.” मावशी भिंतीकडे बघत हात वर करायची. बाकीच्या बायकांना सून भराभर सोडायची, हिलाच तेवढी सावकाश तपासायची. बरोबरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. ही आपल्यावर सूड उगवतेय, असं मावशीने मनाशी पक्कं धरलं होतं.

गेले काही दिवस मावशी डावा हात अंगाशी धरून ठेवायची. आज सुनेने तो स्वतः उचलला, काखेपाशी थांबली, आणि तिला बाजूला घेतलं. मग खोलीचं दार लावून घेतलं.

“काय सापडलं तुला?” मावशीने विचारलं.

“गाठ आहे इथे,” सून हळूच म्हणाली. “आई, कधीपासून आहे ही?”

मावशी मटकन स्टुलावर बसली. अंघोळ करताना ती गाठ तिच्या हाताला लागली होती. दवाखान्यात जायचा धीर होत नव्हता आणि घरात सांगायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुनेने रजा टाकून तिला दवाखान्यात नेलं. सुई टोचून तपासणी झाली. निकाल येईपर्यंत सून मावशीकडेच राहिली. मुलगाही आला आणि आईसमोर बसून नुसती नखं कुरतडत राहिला.

“साधी चरबीची गाठ आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “काळजीचं काही कारण नाही.”

मावशीने त्यांना ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. मुलगा औषधं आणायला गेला. दोघी बाहेरच्या बाकावर टेकल्या. सुनेने डोळे पुसले आणि मग उगाचच ओढणी नीट केली.

“एक विचारू?” मावशी म्हणाली. “माझीच झडती एवढा वेळ का घ्यायचीस?”

“मी घरी गेले की हे पहिलं विचारायचे, आई कशी आहे. तुम्ही तर माझ्याशी बोलत नव्हतात. मग हाताला कळेल तेवढं मी त्यांना सांगायचे.”