मपाता वस्तीचा फोन

मपाता वस्तीतून तीन आठवड्यांत एकही तक्रार आली नाही, असं कालुआ साहेबांनी वाचून दाखवलं आणि बैठकीत टाळ्या पडल्या. नगर परिषदेने तक्रारींसाठी फुकटचा फोन सुरू केल्याला नुकतंच वर्ष झालं होतं. त्या फोनवर बसणारी तिवोंगे म्सिस्का मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

महिन्यापूर्वीपर्यंत मपातातून रोज फोन यायचा. वस्तीचा एकुलता एक नळ कोरडा पडला होता. सगळ्यांत जास्त तावातावाने बोलायची ती न्यामहांगो नावाची म्हातारी. तिवोंगे तिचं सगळं ऐकून घ्यायची, तक्रारीचा क्रमांक द्यायची आणि शिकवल्याप्रमाणे गोड आवाजात सांगायची, "आज माणूस पाठवतो, आजी." मग एक दिवस म्हातारीचा फोन यायचा बंद झाला. पाठोपाठ सगळ्या वस्तीचाच.

एकदा मपाताला जाऊन येते, असं तिने साहेबांना सांगितलं. साहेब हसले. "अगं, झोपलेल्याला हलवून विचारायचं का, झोप लागली का म्हणून?"

शनिवारी सुटी होती. सायकल-टॅक्सीच्या मागे बसून ती गेली. नळाच्या तोटीत कोळ्याने जाळं विणलं होतं. बाया खालच्या ओढ्यावरून डोक्यावर बादल्या घेऊन चढ चढत होत्या. न्यामहांगो कुठे राहतात, असं तिने एकीला विचारलं, तशी मागून येणारी काटकुळी म्हातारी तिचा आवाज ऐकून जागीच थांबली.

"आज माणूस पाठवतो, आजी," म्हातारी म्हणाली. "तूच ना ती?"

तिवोंगेला वर बघवेना.

म्हातारीने बादली उतरवली आणि शांतपणे सांगितलं. तिवोंगे 'आज' म्हणाली की पोरी नळापाशी भांडी मांडून बसायच्या. बसल्या बसल्या दुपार व्हायची. मग उन्हात ओढा गाठायचा, तोवर गुरांनी पाणी गढूळ केलेलं असायचं. शाळा बुडायची ती वेगळीच. शेवटी बायांनी मिळून ठरवलं, फोनच करायचा नाही. आता सकाळी लवकर जायचं, नितळ पाणी भरायचं, की पोरी शाळेला मोकळ्या.

"तुझा राग नाही पोरी," ती म्हणाली. "पण तुझ्या गोड बोलण्याने फार हाल केले आमचे."

त्या दिवशी तिवोंगेने त्यांच्याबरोबर ओढ्याच्या चार खेपा केल्या. सोमवारी ती फोनवर बसलीच नाही. सरळ पंपघरात गेली आणि खरं काय ते कळेपर्यंत इंजिनिअरसमोरून हलली नाही. मोटर जळाली होती. नवी यायला सहा आठवडे होते. तिने ते कालुआ साहेबांना सांगितलं, ओढ्याचंही सांगितलं. साहेब म्हणाले, लोकांना तोंडावर नाही म्हटलं तर शिव्या देतील.

"शिव्या द्यायला तरी फोन करतील, साहेब."

साहेबांनी टेबलावरचा आपला फोन तिच्याकडे सरकवला. "लाव."

तिने म्हातारीला मोटरीचं सगळं सांगितलं. आज पाणी येणार नाही, सहा आठवडे येणार नाही. पलीकडून "बरं" एवढंच ऐकू आलं. त्यानंतर दर सोमवारी तिवोंगे स्वतःहून फोन करायची. सहाव्या सोमवारी अजून एक आठवडा लागेल हे सांगताना तिची जीभ अडखळली. म्हातारी तेव्हाही "बरं" म्हणाली. सातव्या आठवड्यात नळाला पाणी आलं. त्याबद्दल कळवायला मात्र कोणी फोन केला नाही.

दोन महिन्यांनी एका दुपारी न्यामहांगोचा फोन आला. शाळेजवळ मोठा पाइप फुटला होता, पाण्याचे लोट रस्त्यावर वाहत होते. तिवोंगेने दुसऱ्या फोनवर पंपघरात विचारलं. दुरुस्तीचे लोक शहराच्या दुसऱ्या टोकाला कामावर होते. तिने मन घट्ट केलं आणि म्हातारीला सांगितलं, दोन तासांच्या आत कोणी येऊ शकणार नाही.

पलीकडून बायांचा गलका ऐकू येत होता. कोणीतरी पाइपावर बांधायला कमरेचं आणखी एक चितेंजे, ते गुंडाळायचं लांब कापड, सोडून द्या म्हणत होतं, कोणी घट्ट आवळा म्हणून ओरडत होतं.

"दोन तास म्हणालीस ना?" न्यामहांगो म्हणाली. "मग दोन तास आम्ही पाइप धरून ठेवतो."