खांद्यावरचा दुपट्टा

बरणीचं झाकण निघण्याआधीच भैय्यालालांच्या मित्राने, उदारामने, ताट पुढे ओढलं. ताटात देवकाबाईंनी सकाळीच चिरून ठेवलेले कांदे होते.

"आण वो सूनबाई, सिरका," तो म्हणाला. "मंडईचा दिस हाय, पोटभर कांदे खाऊ."

ओसरीवर बसलेले चौघे हसले. भैय्यालाल हसले नाहीत. राइस मिलमधून निवृत्त झाल्यापासून ते दर पावसाळ्यात घरच्या जांभळांची वाइन घालत आणि फुलचूरच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, मित्रांसमोर बरणी उघडत. गेली तिन्ही वर्षं वाइनऐवजी आतून आंबट सिरका, व्हिनेगरच, निघाला होता. देवकाबाईंचा तर विश्वासच उडाला होता. कांदे त्यांनी नवऱ्याला न विचारताच चिरले होते.

यंदा मात्र सगळ्यांची नजर बरणीपेक्षा नीतूवर होती. भैय्यालालांच्या मुलाची, कैलाशची, बायको होऊन ती या घरात आली त्याला आठ महिने झालेले. गोंदियाच्या एका दवाखान्यात ती ऑपरेशन थिएटरची सिस्टर. जुलैत सासऱ्यांची तयारी बघून तिनं कपाळाला हात लावला होता. नळी आणि गाळणी ते मोठ्या पातेल्यात वीस मिनिटं उकळत, बरणी कढत पाण्यानं तीनदा विसळत. इथवर नाव ठेवायला जागा नाही. आणि मग खांद्यावरचा दुपट्टा काढून तीच बरणी आतून लख्ख पुसत. त्या दुपट्ट्यानं ते घाम पुसत, सायकलची सीट पुसत, जेवून उठल्यावर हातही पुसत.

"मामाजी, उकळलेलं भांडं कोणी पुसत नाही. हवेनं सुकते," असं ती याच मित्रांच्या देखत बोलून गेली, आणि बरणी सासऱ्यांच्या हातातून काढून घेतली.

गोष्ट फुलचूरभर झाली. "यंदा बिघडलं त तुया नावानं," एवढंच भैय्यालाल म्हणाले. त्यानंतर साधं पाणीसुद्धा त्यांनी सुनेला मागितलं नाही, उठून स्वतः घेतलं. आज सिरका निघाला तर या घरात पुन्हा तोंड उघडायची सोय उरणार नाही, हे नीतूला पक्कं ठाऊक होतं.

तिनं साबणानं हात धुतले आणि झाकण काढलं. आंबट नाही, जांभळाचा गोडसर वास आला, आणि तिच्या जिवात जीव आला. नळीनं पहिला पेला भरून सासऱ्यांपुढे ठेवला.

भैय्यालालनी घोट घेतला. तोंडात घोळवून गिळला. मग डोळे मिटून दुसरा घेतला.

"काऊन बा, बोलून नाही राहिला?" उदाराम म्हणाला. "टाकू का कांदे?"

भैय्यालालनी पेला त्याच्या हातात दिला. उदारामने तो तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत काढलाच नाही. लांबून मंडईतल्या दंडारीच्या, लोकनाट्याच्या, ढोलकीचा आवाज येत होता.

"मले एक बाटली भरून दे," तो शेवटी म्हणाला, एकदम मऊ आवाजात. "घरी न्यायले."

अंगणात जाऊन एक फुगडी घालावी, असं नीतूला वाटलं. ती नुसतीच पदर सावरत उभी राहिली.

तिनं सकाळी उकळलेल्या बाटल्या जाळीवर उलट्या ठेवल्या होत्या. उदारामने घाईनं त्यातली एक उचलली. काचेला पाण्याचे दोन थेंब होते. त्याचा हात आपसूक खांद्यावरच्या दुपट्ट्याकडे गेला.

भैय्यालालनी त्याचं मनगट धरलं.

"ठेव तो दुपट्टा. उकळलेलं भांडं कोणी पुसते का? हवेनं सुकते ते."

हे ते अशा थाटात म्हणाले, की जणू राइस मिलमध्ये तीस वर्षं त्यांनी हेच शिकवलं होतं.

"सूनबाई," ते पुढे म्हणाले, "याच्या हाती नको देऊ. तूच भर."

नीतूनं बाटली घेतली. देवकाबाई उठल्या, कांद्याचं ताट आत नेलं आणि सिरक्याऐवजी लिंबू पिळून परत आणलं.