वाटेवर नाही

नऊ मीटर उंचीच्या सिमेंटच्या श्पार्गेलसमोर गुरुदत्त हात जोडून उभे होते, आणि त्यात थट्टा अजिबात नव्हती.

"उल्हास, काय प्रचंड आहे रे! काढ, फोटो काढ."

श्पार्गेल म्हणजे वीतभर लांबीची, बोटाएवढ्या जाडीची एक पांढरी भाजी. मे महिन्यात जर्मन माणूस तिच्यापुढे बाकी सगळं विसरतो. या गावाने तिचा पुतळाच उभारला होता. पुतळ्यामागे तिची सालं काढायच्या यंत्रांचं संग्रहालय होतं, आणि दारात एक म्हातारा मार्गदर्शक उभा होता. माहिती फक्त जर्मनमध्ये. दीड तास.

हे ठिकाण शोधायला उल्हासच्या बायकोला, कुंदाला, सहा महिने लागले होते.

मोठे दीर गुरुदत्त आणि जाऊबाई सुलेखावहिनी शिकागोहून चार दिवसांसाठी येणार हे कळलं, त्या दिवसापासून ती कामाला लागली होती. पहिल्या दिवशी कुलपांचं संग्रहालय. दुसऱ्या दिवशी उलटं बांधलेलं घर. तिसऱ्या दिवशी बंगल्याएवढं कोकिळेचं घड्याळ. ते दुरुस्तीसाठी बंद होतं. बंद आहे ना, हे तिने आदल्या दिवशी फोन करून पक्कं केलं होतं.

दोन वर्षांपूर्वी भाऊजींनी कुंदा-उल्हासला अमेरिका दाखवली होती. म्हणजे सिमेंटचा निळा देवमासा, आणि शेतात नाकावर पुरलेल्या दहा मोटारी. ग्रँड कॅन्यन तासाभरावर आलं, तेव्हा पुढच्या सीटवर नकाशा मांडीवर घेऊन बसलेल्या सुलेखावहिनी मागे वळून म्हणाल्या होत्या, "ते आपल्या वाटेवर नाही गं." तेवढं एक वाक्य कुंदाने जर्मनीला परत आणलं आणि जपून ठेवलं.

गुरुदत्त खुशीत तिच्याकडे आले. "कुंदा, तुझी आवड मी तिकडेच ओळखली होती. प्रत्येक ठिकाणी अभिप्रायाच्या वहीत 'फारच छान' लिहायचीस. म्हणून तर शेवटचा दिवससुद्धा मी त्या जगातल्या सर्वांत मोठ्या सुतळीच्या गोळ्याला दिला. केवढा वळसा पडला, ठाऊक आहे?"

 पाहुण्याने नावं ठेवायची नसतात म्हणून कुंदाने लिहिलं होतं. सगळीकडे लिहिलं होतं. दोन ठिकाणी तर सहीसुद्धा वळणदार केली होती.

दोघे भाऊ मार्गदर्शकाच्या मागोमाग आत गेले. उल्हास दारातून अर्ध्या जर्मनमध्ये ओरडला, "आल्झो, तुम्ही येताय ना?"

"तुम्ही व्हा पुढे."

बाकावर सुलेखावहिनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डबा त्यांनी उघडला नव्हता. पर्समधून त्यांनी चौघडी घातलेला एक कागद काढला. दातांच्या डॉक्टरकडच्या कॅलेंडरचं पान होतं ते. वर्ष अठ्ठ्याण्णव, महिना ऑक्टोबर. डोंगराच्या कुशीत लाल दगडाचा पडका किल्ला, खाली नदी.

"हे हायडेलबर्गच ना गं? इथून किती लांब?"

कुंदा या प्रश्नासाठी चार दिवस गाडी चालवत होती.

"चाळीस मिनिटं," ती म्हणाली. आणि मग, एकेक शब्द सुटा करून, "पण ते आपल्या वाटेवर नाही."

चेहरा पडताना बघायचा म्हणून ती वळली. वहिनी हसत होत्या.

"अगदी ह्यांच्यासारखं म्हणालीस. एकवीस वर्षं झाली मला त्या देशात. ग्रँड कॅन्यन मी अजून पाहिलेलं नाही. दर वर्षी वाटेवर नसतं. तुम्ही आलात, तेव्हा मला वाटलं, पाहुणे आहेत, आता तरी गाडी वळेल. ह्यांनी कानात सांगितलं आणि मी मागच्या सीटला पोचवलं, एवढंच."

त्यांनी पानाची पुन्हा चौघडी केली. "जाऊ दे. उद्या विमान आहे."

कुंदाने मनात हिशेब मांडला. सहा महिने. कुलपं. ते घड्याळ. आतून गुरुदत्तांचा आवाज आला, "एकोणीसशे चोवीस सालचं! अजून चालतं!" आणि त्यावर उल्हासचा जर्मन होकार, "गेनाऊ, गेनाऊ!"

तिच्या हातात गाडीची किल्ली होती.

"वहिनी, डबा घ्या."

"अगं पण हे दोघं?"

"दीड तास माहिती आहे. मग प्रश्नोत्तरं."

महामार्गावर पहिले दहा किलोमीटर मागे पडले. मग वहिनींनी डबा उघडला आणि एक पुरी कुंदाच्या हातात ठेवली. दुसरी त्यांनी स्वतः खाल्ली, बाहेर बघत, पाय थोडे पसरून. पुढच्या सीटवर त्या पहिल्यांदाच नकाशाशिवाय बसल्या होत्या.

नदी दिसली तेव्हा कुंदाचा फोन वाजला. उल्हासचा नंबर. वहिनींनी फोन उचलून स्पीकरवर टाकला.

"सुलेखा?" गुरुदत्तच होते. "अगं, आमचं लवकरच आटोपलं. गाडी दिसत नाही कुठे."

"गाडी हायडेलबर्गला आहे."

"हायडेलबर्गला? आणि आम्ही यायचं कसं?"

वहिनींनी फोनवर हात ठेवला. "कुंदा, तिथून बस असते का गं?"

"असते की. दर दोन तासांनी. शनिवार-रविवार सोडून."

"आज काय वार?"

"शनिवार."

वळणावर झाडी सरली आणि समोरच्या डोंगरावर तो लाल किल्ला उभा राहिला, अगदी ऑक्टोबरच्या पानातल्यासारखा. वहिनींनी फोनवरचा हात काढला.

"अहो, दारापाशी अभिप्रायाची वही असेल बघा," त्या म्हणाल्या. "लिहायला घ्या. सावकाश लिहा."