बारशाच्या घुगऱ्या

घाटनांदूरच्या वाचनालयातल्या पहिल्याच वाचक-बैठकीसाठी योगिताने मोठ्या हौसेनं एक कादंबरी निवडली होती. हिटलरच्या छळछावणीतून जिवंत सुटलेल्या एका ज्यू मुलीची. पण बैठक काही रंगेना.

"मला तर सोसलंच नाही. निम्म्यात पुस्तक मिटलं," हरिओम सर म्हणाले.

"शेवटी तिचं लग्न काय, बाळ काय! सगळं खोटं वाटतं," प्राध्यापक गित्ते म्हणाले.

आपली निवडच चुकली, असं वाटून योगिताचा चेहरा उतरला. तेवढ्यात मेंढ्या राखणाऱ्या कडूबाई आल्या. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात डबा.

"घ्या, बारशाच्या घुगऱ्या."

"कुणाचं बारसं, मावशी?" योगिताने विचारलं.

"ह्या पुस्तकातल्या पोरीला लेकरू झालं न्हाई का! नात वाचून दाखवायची. ती पोरगी तारंच्या आत आन् आमी भाकर खायची? घास उतरंना. नातीला म्हणलं, ती भाईर येस्तोवर थांबू नको."

"पण मावशी, ही रचलेली गोष्ट आहे," गित्ते सर म्हणाले.

"येवढी माणसं मेली ती खरी, आन् एक पोरगी जगली तर ती खोटी कावून, सर?"

गित्ते सरांनी हसून हात पुढे केला. मूठभर घुगऱ्या घेत हरिओम सरांनी हळूच विचारलं, "मावशी, पोरगा झाला का पोरगी?"

योगिताला हसू आवरेना. कडूबाईंनी पुस्तक हरिओम सरांच्या हातात ठेवलं.

"म्या कावून सांगू? वाचा की!"