पायरीवरचं तेल

उद्या वही द्यायची होती आणि मृण्मयीची पानं कोरीच. अपकृत्य कायदा, म्हणजे निष्काळजीपणाने झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा कायदा, शिकवणाऱ्या सरांनी बजावलं होतं: स्वतःचा निष्काळजीपणा लिहा, नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही.

“माझं चुकतच नाही, लिहू काय?” देवळाच्या दारातल्या समईत तेल ओतता ओतता ती आईपाशी कुरकुरली. थोडं तेल पायरीवर सांडलं. कीर्तनानंतर पुसू म्हणत ती आत जाऊन बसली.

तोच कीर्तनकार बुवा आले, पायरीवरून घसरून मटकन बसले. “पायरीच मेली गुळगुळीत,” कीर्तनाला जमलेल्या बायका म्हणाल्या.

मृण्मयीला गप्प राहता आलं असतं. “पायरी नाही, बुवा. तेल मी सांडलं, पुसायचं टाळलं, म्हणून तुम्ही पडलात.”

बुवा कंबर चोळत हसले. “कीर्तनाचा पूर्वरंग तूच रंगवलास की. आता भरपाई म्हणून माझ्यामागे टाळ धर.”

तिने पायरी पुसून टाळ उचलले. आई पुटपुटली, “भरली बाई तुझी वही.”